सोहाइल : ताऱ्याच्या नावाचा किल्ला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दक्षिण स्पेनमधल्या फुएंगिरोला गावच्या पडक्या सागरी किल्ल्याबद्दल मी लिहायला लागलो, तेव्हापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही स्पेनला निघालेल्यांचे, काही आपल्याकडच्या दुर्गभटक्यांचे, तर बरेचसे आकाश पाहणाऱ्यांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा किल्ला नेमका कुठे आहे?

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात, मालागा जिल्ह्यात, भूमध्य समुद्राच्या काठी. या किनाऱ्याला ‘कोस्टा देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा म्हणतात. फुएंगिरोला हे मालागा शहराच्या नैऋत्येला असलेलं, आता पर्यटनावर जगणारं गाव. गावाच्या पश्चिम टोकाला फुएंगिरोला नदी समुद्राला मिळते आणि त्या मुखाजवळच्या ३८ मीटर उंचीच्या टेकडीवर किल्ला उभा आहे. सह्याद्री चढणाऱ्याला ही उंची नगण्य वाटेल. पण एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी असल्यामुळे जमिनीवरची वाट, गोडं पाणी आणि होड्या लावायची जागा अशा तिन्ही गोष्टी या एकाच टेकडीच्या टप्प्यात येतात. नकाशा समोर ठेवून पाहिलं की जागा कशी निवडली ते लगेच कळतं.

२. ‘सोहाइल’ म्हणायचं की ‘सोआइल’? काही ठिकाणी ‘सुहैल’ही वाचलं.

तिन्ही एकच. स्पॅनिशमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, त्यामुळे स्थानिक लोक ‘सोआइल’ म्हणतात. लिखाणात ‘सोहाइल’ येतं, आणि मूळ अरबी शब्द ‘सुहैल’. मी किल्ल्यासाठी ‘सोहाइल’ आणि ताऱ्यासाठी ‘सुहैल’ असं लिहितो. या नावाची गोष्ट मोठी आहे, ती प्रश्न ६ मध्ये.

३. शिल्लक काय आहे? आत काही पाहायला मिळतं का?

तटबंदी आणि बुरूज. आत जवळजवळ काही नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. वाडा, दिवाणखाना, शस्त्रागार, नक्षीदार कमानी असं काही मनात धरून जाऊ नका. ग्रॅनाडाचा अलाम्ब्रा पाहून इथे आलेली माणसं दहा मिनिटांत परत फिरतात, त्याचं कारण हेच. तटाच्या आत एक मोठं मोकळं पटांगण आहे आणि उन्हाळ्यात तिथे कार्यक्रम होतात (प्रश्न १७).

मला मात्र हे रिकामेपणच मोलाचं वाटतं. सजवलेल्या महालात नजर भिंतींवर अडकते. इथे तटावर उभं राहिलं की ती आपोआप बाहेर जाते. समुद्राकडे, नदीच्या मुखाकडे, मागच्या मिहासच्या डोंगररांगेकडे. पहारेकऱ्यालाही तेच दिसायचं, आणि किल्ला बांधला होता तो त्या पाहण्यासाठीच.

४. बांधला कोणी आणि कधी?

याची दोन उत्तरं वाचायला मिळतील आणि त्यामुळेच हा प्रश्न सारखा येतो. जुन्या सांगण्यानुसार १०व्या शतकाच्या मध्यात कोर्डोबाचा खलिफा तिसरा अब्द अल-रहमान याने तो उभारला. दुसरं उत्तर १२व्या शतकाचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविद सत्तेच्या काळाचं. पुढे ग्रॅनाडाच्या नासरी सुलतानांनी तो वापरला, १४८५ नंतर उत्तरेकडच्या ख्रिस्ती कास्तील राज्याच्या राजांनी, आणि १८व्या शतकात तोफांसाठी त्यात फेरफार झाले. आज दिसणारा तट एका हातचा नाही. आपल्याकडे एखाद्या जलदुर्गाचा पाया एकाचा, बुरूज दुसऱ्याचा आणि दरवाजा तिसऱ्याचा असतो, तसंच हे. म्हणून ‘किल्ला कोणाचा’ असं विचारण्याऐवजी ‘हा भाग कोणाचा’ असं विचारलं तर उत्तर सापडण्याची शक्यता जास्त.

५. त्याआधी टेकडीवर काही होतं का?

होतं. ‘सुएल’ नावाची वस्ती, आधी फिनिशियन आणि मग रोमन. रोमन लेखक प्लिनी आणि पोम्पोनियस मेला या दोघांनीही या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये सुएलचं नाव घेतलं आहे.

पण सुएल म्हणजे हेच गाव, याचा भक्कम पुरावा दगडावर कोरलेला आहे. फुएंगिरोलात सापडलेल्या एका लॅटिन शिलालेखात लुसियस युनियस प्युतेओलानस हा गृहस्थ नेपच्यून या समुद्रदेवाला दान अर्पण करतो आणि स्वतःची ओळख ‘सुएल नगरीतला’ सम्राटपूजेचा पहिला मानकरी अशी करून देतो. ‘प्युतेओलानस’ या नावावरून त्याच्या घराण्याचं नातं इटलीतल्या प्युतेओली बंदराशी असावं. दूरच्या बंदराचं नाव लावणारा माणूस समुद्रदेवाला दान देतो, यातच गावाचा धंदा कळून येतो. आसपास मासे खारवण्याच्या रोमन टाक्या आणि स्नानगृहांचे अवशेषही निघाले आहेत.

६. किल्ल्याला खरंच ताऱ्याचं नाव आहे का?

‘सुहैल’ हे एका ताऱ्याचं अरबी नाव आहे, यात शंका नाही. तो आकाशातला व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी तारा. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. आता टेकडीचं नाव ताऱ्यावरून पडलं की आधीच्या ‘सुएल’चं अरबी तोंडात ‘सुहैल’ झालं, हा खरा प्रश्न.

माझं मत असं की दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. गावाचं नाव सत्ता बदलली म्हणून सहसा पुसलं जात नाही, नव्या भाषेत ते थोडं वळतं. इथे ते वळलं ते नेमकं अशा शब्दाकडे, जो प्रत्येक अरब खलाशाच्या ओठांवर होता. सुहैल हा दक्षिणेचा तारा, ‘यमनचा सुहैल’. अरबस्तानात तो सहज दिसतो, पण कोर्डोबात दिसत नाही, कारण तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आणि या टेकडीवरून तो दिसू शकतो, अगदी समुद्राला टेकलेला. उत्तरेकडून येणाऱ्या माणसाला पूर्वजांच्या आकाशातला तारा जिथे पहिल्यांदा दिसावा, त्या जागेचं नाव सुहैल! असा योग जुळल्यावर लोकांनी तो सोडला नसेल.

७. म्हणजे आपला अगस्त्यच का? मग तिथून तो कसा दिसतो?

होय, तोच. आपल्याकडे अगस्त्याचा उदय पावसाळ्याच्या शेवटाकडे होतो आणि तो उगवला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं सांगत आली. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि समुद्र प्यायलेला हा ऋषी. स्पेनच्या या टोकाला मात्र तो समुद्रातून जेमतेम डोकं वर काढतो.

हिशोब सोपा आहे. अगस्त्य खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ५२.७ अंश दक्षिणेला आहे. ९० अंशांतून हे आणि आपल्या गावाचे अक्षांश वजा केले की तो जास्तीत जास्त किती उंच चढेल ते मिळतं. मुंबई साधारण १९ अंशांवर, म्हणून तिथे अगस्त्य सुमारे १८ अंश चढतो. हात लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश भरतात, म्हणजे मुंबईत अगस्त्य क्षितिजापासून जवळपास वीतभर वर. सोहाइल किल्ला साडेछत्तीस अंशांच्या किंचित वर आहे, त्यामुळे तिथे उरतो फक्त पाऊण अंश. हवेच्या थरांत प्रकाश वाकतो, त्याने त्यात अर्ध्या अंशाच्या आतबाहेर भर पडते. लांब केलेल्या हाताच्या करंगळीची रुंदी साधारण एक अंश. आपला वीतभर अगस्त्य तिथे करंगळीभर!

वेळेचंही तसंच. मुंबईत तो एका फेरीत आठ तासांहून जास्त क्षितिजावर असतो. सोहाइलहून जेमतेम दोन-सव्वादोन तास, तेही समुद्रावर धुकं नसेल तर. क्षितिजालगतच्या जाड हवेतून येताना तेज पुष्कळ कमी होतं, त्यामुळे आपल्याकडचा लखलखीत अगस्त्य तिथे शोधू नका. लालसर, थरथरणारा ठिपका दिसला तरी भाग्य समजा.

८. “स्पेनमध्ये हा तारा फक्त या टेकडीवरून दिसायचा” असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. गोष्ट सुंदर आहे, पण प्रश्न ७ मधला हिशोब लावला की ती टिकत नाही. साधारण ३७.३ अंशांच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक जागेवरून, दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर, अगस्त्य वर येतो. स्पेनच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक असलेल्या तारीफाहून तो सोहाइलपेक्षा उंच दिसतो आणि कॅनरी बेटांवरून तर बराच वर.

पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, त्यामुळे तारे शतकानुशतकं थोडे सरकतात. १२व्या शतकात अगस्त्य या किनाऱ्यावरून आजच्यापेक्षा पाव अंशाने अधिक वर येत असे. करंगळीभर आकाशात पाव अंश म्हणजे थोडाथोडका नाही. तेव्हाच्या पहारेकऱ्याला तो आजच्यापेक्षा सहज दिसत असणार, तेही विजेच्या दिव्यांशिवायच्या काळोखात.

९. ‘सुहैली’ आडनावाचा विद्वान इथलाच का?

होय, याच परिसराचं नाव त्याला चिकटलं. अब्द अल-रहमान अल-सुहैली (१११४–११८५) हा प्रेषित मुहम्मदांच्या चरित्रावरच्या भाष्यासाठी इस्लामी जगात आजही वाचला जातो. तो अंध होता. शेवटी तो मोरोक्कोतल्या माराकेशला गेला, तिथेच वारला आणि त्या शहराच्या सात संतांपैकी एक म्हणून पूजला जातो. स्पेनमधली वस्ती उठली, भाषा गेली, तरी समुद्रापलीकडच्या कबरीवर ‘सुहैल’ हे नाव राहिलं.

१०. इब्न बतूता या किल्ल्यात राहिला होता म्हणतात. आपल्याकडे आलेला तोच का?

तोच. नंदुरबार आणि दौलताबाद पाहून गेलेला, मोरोक्कोतल्या तांजिएरचा प्रवासी. या किल्ल्याशी आपला खराखुरा धागा जुळतो तो या माणसामुळे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्ष १३५०. कास्तीलचा राजा अकरावा आल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसला असताना प्लेगने मेला होता आणि किनाऱ्यावरची मुस्लिम गावं थोडी सावरत होती. इब्न बतूता मार्बेयाहून मालागाला निघाला. बारा घोडेस्वारांची एक तुकडी त्याच्या पुढे निघून गेली होती आणि तो तिला गाठायच्या प्रयत्नात होता. सुहैलच्या हद्दीत शिरल्यावर त्याला एका चरात मेलेला घोडा दिसला. थोडं पुढे मासळीची टोपली रस्त्यावर सांडलेली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. समोर पहाऱ्याचा मनोरा होता, आणि शत्रू आला असता तर मनोऱ्यावरच्या माणसाने इशारा दिला असता, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

तेवढ्यात सुहैलचा किल्लेदार भेटला आणि खरं काय ते कळलं. शत्रूची चार गलबतं आली होती. पहारेकरी मनोऱ्यावर नसताना काही माणसं किनाऱ्यावर उतरली. बारा स्वारांपैकी एक मारला गेला, एक निसटला आणि दहा पकडले गेले. त्यांच्याबरोबर एक कोळीही मेला. रस्त्यावर सांडलेली टोपली त्याची.

किल्लेदाराने त्याला त्या रात्री किल्ल्यात ठेवून घेतलं. शत्रूची गलबतं रात्रभर जवळच समुद्रात उभी होती. सकाळी किल्लेदार स्वतः त्याच्याबरोबर घोड्यावर निघाला आणि त्याने त्याला मालागाला पोचवलं.

राजांच्या याद्यांपेक्षा मला हा प्रसंग जास्त सांगून जातो. किल्ला कशासाठी होता, पहारेकरी तासभर जागेवर नसला तर काय होतं, आणि ते कोणाला भोगावं लागतं. बखरीत त्या कोळ्याचं नाव कधीच आलं नसतं. इथेही नाव नाहीच, पण टोपली तरी नोंदली गेली.

११. १४८५ मध्ये काय झालं? मूळ गाव कुठे गेलं?

त्या वर्षी फर्डिनांड राजाच्या फौजांनी ग्रॅनाडाच्या राज्याची पश्चिम बाजू कापून काढली. आधी रोन्दा, मग मार्बेया आणि मग हा किल्ला. मालागा पडलं ते दोन वर्षांनी, १४८७ च्या ऑगस्टमध्ये, मोठ्या वेढ्यानंतर. सुहैलची वस्ती संपली. उघड्या किनाऱ्यावर, चाच्यांच्या तोंडाशी नवं गाव वसेना, आणि ही जमीन डोंगरावरच्या मिहास गावाकडे राहिली. पुढे पुळणीवर कोळी आणि व्यापाऱ्यांची वस्ती पुन्हा वाढली आणि १८४१ मध्ये फुएंगिरोला मिहासपासून वेगळं झालं. त्यामुळे आजचं गाव किल्ल्याच्या पायथ्याला नसून नदीच्या पलीकडे पसरलेलं दिसतं.

१२. किनाऱ्यावर जागोजागी एकेकटे गोल-चौकोनी मनोरे दिसतात. तेही याच किल्ल्याचे भाग आहेत का?

तटाचे भाग नाहीत, पण एकाच व्यवस्थेतले आहेत. दिवसा धूर आणि रात्री जाळ करून एका मनोऱ्यावरून दुसऱ्याला इशारा जायचा. मार्बेयाच्या हद्दीत काबोपिनोला ‘तोर्रे लाद्रोनेस’ हा उंच मनोरा अजून उभा आहे, आणि मिहासच्या किनाऱ्यावर कालाबुर्रास, ला काला, कालाओंदा असे आणखी. प्रश्न १० मध्ये पहारेकरी नसलेला मनोरा आला, तो याच प्रकारचा.

मुस्लिम सत्ता गेल्यावरही हे काम थांबलं नाही, फक्त भीतीची दिशा उलटली. आता उत्तर आफ्रिकेतले चाचे यायचे. वाट मोकळी आहे, कोणी पाहत नाही, या अर्थाने स्पॅनिश माणूस आजही ‘किनाऱ्यावर मूर (उत्तर आफ्रिकेतले मुसलमान) नाहीत’ असं म्हणतो. ते बोलणं त्या काळातलं.

१३. १८१० ची लढाई काय होती? दीडशे जणांनी दीड हजारांना हरवलं हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण ‘दीडशे’ या आकड्यात थोडी भर घालावी लागते.

नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला होता. या किल्ल्यात पोलिश सैनिकांची सुमारे दीडशे जणांची शिबंदी होती. कप्तान फ्रान्सिशेक म्वोकोशेविच तिचा प्रमुख. जिब्राल्टरहून इंग्रज सेनानी लॉर्ड ब्लेनी समुद्रमार्गे आला. बेत असा होता की फुएंगिरोलावर हल्ला करायचा, त्यामुळे फ्रेंच सेनापती सेबास्तियानी मालागा सोडून इकडे धावेल आणि मग जहाजांवर परत चढून रिकामं मालागा गाठायचं. त्याच्याबरोबर इंग्रजांच्या ८९व्या पायदळ पलटणीचे लोक, स्पॅनिश तोलेदो पलटण आणि फ्रेंच सैन्यातून फुटून आलेले परदेशी सैनिक, असे मिळून दीड हजारांच्या आसपास माणसं होती.

१४ ऑक्टोबरला त्याने किल्ल्याला शरण येण्याचा निरोप धाडला. नकार आला. मग जहाजांवरून आणि जमिनीवरून मारा सुरू झाला. किल्ल्यातल्या तोफांनी एक तोफनौका बुडवली. रात्री इंग्रजांनी जमिनीवर तोफा रचल्या. पहाटे मिहासहून निघालेले साठेक पोलिश सैनिक वेढ्यातून वाट काढून आत शिरले. १५ तारखेला जवळच्या अलाउरीन गावाहून सुमारे दोनशे जणांची कुमक आली. ती बाहेरून भिडली आणि म्वोकोशेविचने आतून दरवाजा उघडून थेट तोफांवर झडप घातली. इंग्रजांच्या तोफा त्यांच्यावरच वळल्या. गोंधळात लॉर्ड ब्लेनी स्वतः पकडला गेला आणि उरलेली फौज जहाजांकडे पळाली.

म्हणजे शेवटच्या घडीला आतबाहेरचे मिळून चारशेच्या घरात पोलिश होते आणि थोडे फ्रेंच घोडेस्वार. तरीही समोरचा तिपटीहून मोठा होता. मेलेल्या आणि जखमींचे आकडे इंग्रजी, फ्रेंच आणि पोलिश लिखाणात एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ते इथे देत नाही.

ब्लेनी १८१४ पर्यंत कैदेत राहिला आणि सुटल्यावर त्याने त्या सक्तीच्या प्रवासाची हकीकत छापली. त्याची तलवार पोलंडमध्ये, क्राकोच्या चार्तोरिस्की संग्रहालयात आहे.

१४. पण पोलंडची माणसं स्पेनमध्ये कशासाठी लढत होती? त्यांना वीर म्हणायचं का?

१७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला आणि नकाशावरून तो देश नाहीसा झाला. १८०७ मध्ये नेपोलियनने ‘वॉर्सॉची डची’ हे छोटं पोलिश राज्य उभं केलं, तेव्हा पोलिश तरुणांना वाटलं की याच्यासाठी लढलो तर आपला देश परत मिळेल. म्हणून ते इथवर आले. आणि इथे त्यांच्या वाट्याला आलं ते दुसऱ्या एका देशाचं स्वातंत्र्य दडपण्याचं काम. स्पॅनिश लोक या युद्धाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात.

मी त्यांच्या धैर्याला मान देतो, पण तटावर उभं राहून ‘पोलंड जिंकला’ असं म्हणवत नाही. परक्याच्या चाकरीत, परक्या किल्ल्यात, स्वतःच्या देशाच्या आशेवर लढलेली ती पोरं होती. ज्यांच्या जमिनीवर ती लढली, त्या मिहास आणि अलाउरीनच्या शेतकऱ्यांच्या नजरेनेही ही गोष्ट पाहावी लागते.

१५. मग किल्ल्याची पडझड झाली कधी?

या लढाईत नाही. दोन वर्षांनी, १८१२ मध्ये माघार घेताना फ्रेंच सैन्याने सुरुंग लावून त्याची नासधूस केली. पुढे किनारपट्टीच्या पहाऱ्यासाठी थोडाफार वापर झाला आणि मग ओसाडी.

१६. तट फार नवा आणि स्वच्छ दिसतो. खोटा बांधला आहे का?

खोटा नाही, पण दुरुस्त केलेला आहे. २०व्या शतकाच्या अखेरीस मोठं काम झालं, ढासळलेले भाग उभे केले गेले. बरेच जण या चेहऱ्यावर नाराज होतात. काही ठिकाणी मलाही तट जास्त घोटीव वाटतो, पडझडीची सगळी खूण पुसल्यासारखी.

स्पेनचा १९८५ चा वारसा कायदा याबाबत स्पष्ट आहे. पुनर्बांधणी शक्यतो करायची नाही. मूळचेच भाग वापरता येत असतील आणि ते अस्सल ठरवता येत असतील तर गोष्ट वेगळी. टिकावासाठी नवं घालावंच लागलं, तर ते ओळखू आलं पाहिजे, जुन्याची हुबेहूब नक्कल करून पाहणाऱ्याची फसगत होता कामा नये. याचं टोकाचं उदाहरण शेजारच्या कादिस जिल्ह्यातला मात्रेराचा किल्ला. तिथला बुरूज २०१३ मध्ये ढासळला आणि दुरुस्तीत नवा भाग सरळ पांढऱ्या सपाट भिंतीचा केला. जगभर त्याची चेष्टा झाली, पण जुनं कुठे संपतं हे तिथे लहान मुलालाही कळतं.

सोहाइलवर गेलात तर तटाजवळ जा आणि सांधे पाहा. दगडाचा आकार, चुन्याचा रंग आणि थरांची ओळ कुठे बदलते ते शोधा. आपल्या किल्ल्यांवर दगडांच्या सांध्यांत भरलेलं सिमेंट पाहून हळहळणाऱ्यांना हा डोळ्यांचा सराव उपयोगी पडेल.

१७. कसं जायचं? किती वेळ ठेवायचा? उन्हाळ्यात बंद असतो का?

मालागाहून फुएंगिरोलाला लोकल गाडी आहे, सी-१ मार्ग. ती विमानतळावरूनच जाते आणि फुएंगिरोला हे शेवटचं स्थानक, पाऊण तासाचा प्रवास. तिथून समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्याने पश्चिमेला चालत राहायचं, नदी ओलांडली की टेकडी समोर. किल्ल्याला एक तास पुरेसा आहे, मी म्हणेन दोन ठेवा. पाणी आणि टोपी हवी, आत सावली कमी आहे.

उन्हाळ्यात तटाच्या आत आणि पायथ्याला संगीताचे मोठे कार्यक्रम होतात. तयारीच्या दिवसांत आत सोडत नाहीत, आणि एरवीच्या वेळाही हंगामानुसार बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी नगरपालिकेच्या पर्यटन कार्यालयाकडून खात्री करून घ्या. जुन्या प्रवासवर्णनातल्या वेळांवर विसंबू नका.

१८. टेकडीवर खापराचा तुकडा सापडला तर आठवण म्हणून आणला तर चालेल का?

अजिबात नाही. आंदालुसियाचा २००७ चा वारसा कायदा कडक आहे. जमिनीत सापडणारी पुरातन वस्तू सार्वजनिक मालकीची असते, आणि परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणं हादेखील कायद्याचा भंग ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून हललेली ठिकरी मुकी होते. ती कोणत्या थरात होती यावरूनच ती सुएलची की सुहैलची हे कळतं. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तिथल्या माणसांना दाखवा.

१९. किल्ल्याबरोबर गावात आणखी काय पाहावं?

नगरपालिकेचं इतिहास संग्रहालय. ‘फिंका देल सेक्रेतारियो’ या रोमन वाड्याच्या उत्खननात सापडलेली व्हीनसची संगमरवरी मूर्ती तिथे आहे. तो वाडा आणि त्याची स्नानगृहंही गावातच आहेत. आधी मूर्ती पाहून मग किल्ल्यावर गेलात, तर टेकडी पायाखालच्या रोमन गावासकट डोळ्यांसमोर येते (प्रश्न ५).

२०. मला तिथूनच अगस्त्य पाहायचा आहे. रात्री किल्ल्यावर थांबता येईल का?

रात्री किल्ला बंद असतो, पण त्याची गरजही नाही. टेकडीच्या पायथ्याच्या पुळणीवरून ऐन दक्षिणेला समुद्रच आहे. कालाबुर्रासचं भूशिर दिसेल ते थोडं पश्चिमेकडे, दक्षिण त्याच्या डावीकडे.

काळ फेब्रुवारीचा धरा. महिन्याच्या मध्यात तिथल्या घड्याळात रात्री दहाच्या सुमारास अगस्त्य सर्वांत वर असतो. आधी व्याध शोधा, तो चुकूच शकत नाही. त्याच्या खाली, किंचित उजवीकडे, अगदी पाण्याच्या रेषेवर नजर ठेवा. चंद्र नसलेली आणि पाऊस पडून हवा धुतली गेलेली रात्र निवडा. साधी दुर्बीण जवळ असू द्या. गावाच्या दिव्यांकडे पाठ करून डोळ्यांना वीस मिनिटं काळोखाची सवय होऊ द्या, आणि मासेमारीच्या होडीचा दिवा तारा समजू नका. होडी सरकते तशी कुठल्याही दिशेला जाईल, तारा डावीकडून उजवीकडेच जाणार.

आणि जायच्या आधी एकदा आपल्याकडूनही तो पाहून ठेवा. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून तो नऊ-साडेनऊला दक्षिणेला वीतभर वर असतो. घरच्या गच्चीवर वीत मोजून ठेवली असेल, तर तिथे करंगळी धरताना किती खाली पाहायचं ते हाताला आधीच ठाऊक असेल.